पिग्मीची पिशवी आणि आयआयएमचा फॉर्म

अक्का, मी वडगावची. वय २८. शाळा मराठी माध्यमाची. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, ७४ टक्के, पीयूसी आर्ट्सला, म्हणजे बारावीला, ६६, बीएला ७०. घरात बाबांचे चार माग आहेत. बीए झाल्यावर दोन वर्षं एका सहकारी सोसायटीची पिग्मी, म्हणजे दारोदारची रोजची बचत, गोळा केलो, मग तिथंच क्लार्क, आणि आता दीड वर्षं शाखा सांभाळतो. एमबीए करू वाटतंय, तेही चांगल्या ठिकाणी. खरं आमच्यात कुणी केलेलं नाही. मैत्रीण म्हणते, फॉर्ममध्ये पिग्मीचं लिहू नको, ‘फायनान्स एक्झिक्युटिव्ह’ लिही. मामा म्हणतात, आधी डिस्टन्सनं एमबीए करून घे, मग बघू. आई म्हणते, आता कसलं एमबीए, वय बघ. पुण्याला क्लास लावायला नोकरी सोडू काय? आणि माझ्यासारखीला ते लोक घेतात तरी काय? सोबत बायोडेटा आणि मी लिहिलेला इंग्रजी निबंध जोडलाय.
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

वडगावच्या पोरी,

तुझं ‘गोळा केलो’, ‘सांभाळतो’ वाचून बरं वाटलं. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा ‘येतो गं’ म्हटलं की होस्टेलच्या पोरी हसायच्या. दोन महिन्यांत मी ‘येते’ म्हणायला शिकले, आणि दिवाळीला घरी आले तेव्हा आजी म्हणाली, हे काय नवीन नाटक? तुझ्या मैत्रिणीचा ‘फायनान्स एक्झिक्युटिव्ह’ मला त्याच घरातला वाटतो.

शेवटचा प्रश्न आधी घेते. घेतात. पण सगळे घेत नाहीत, आणि कोण घेणार नाही हे आधीच कळलं तर फॉर्मचे पैसे आणि सहा महिन्यांची झोप, दोन्ही वाचतात.

कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, बसायला कुठल्याही शाखेची पदवी पुरते, सर्वसाधारण गटाला ५० टक्के हवेत. वयाची अट नाही, पीयूसीला गणित असण्याची अट नाही. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, परीक्षा बहुतेक नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. दोन तासांचा पेपर, तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं; इंग्रजीतली उरलेली मिनिटं गणिताला वापरू म्हटलं तर चालत नाही. सुमारे ३ लाख पोरं बसतात. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के मार्क नव्हेत, तुझ्या पुढं साधारण तीन हजार जण आहेत एवढाच त्याचा अर्थ.

मात्र आयआयएम नुसती कॅट बघत नाहीत. एसएसएलसी, पीयूसी, डिग्री, नोकरीचे महिने, शाखा कुठली, मुलगी की मुलगा, या सगळ्याचा मिळून एक आकडा काढतात. कशाला किती वजन ते प्रत्येक संस्था दरवर्षी आपल्या वेबसाइटवर जाहीर करते. ते कोष्टक सोनेतारणाच्या नियमासारखं वाच, कारण ते तसंच चालतं. तिथं कुणाला तुझी दया येणार नाही आणि कुणाचा तुझ्यावर रागही नाही. बंगळूरच्या कोष्टकात जुन्या गुणांना भारी वजन आहे, तिथं तुझे ७४ आणि ६६ तुला मागं ओढणार. अहमदाबादची रीत जरा वेगळी आहे. ते पदवीच्या शाखेनुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटातले वरचे काही उचलतात, त्यामुळं बीएवाल्या मुलीची स्पर्धा सगळीच्या सगळी इंजिनिअरांशी राहत नाही. पण त्या गटात दिल्लीच्या नामांकित कॉलेजांची पोरंही असतात, हे विसरू नकोस. स्पष्ट सांगते: पहिल्या तीन आयआयएमवर तू एक फॉर्म टाक, आशा टाकू नकोस. पीयूसीचे ६६ आता ६६च राहणार. त्यावर रडून झालं असेल तर पुढं चल.

दुसरी गोष्ट अनुभवाची. तुला वाटतंय सात वर्षांच्या नोकरीचं वजन पडेल. दोन वर्षांच्या कोर्सला ते फारसं पडत नाही. साधारण तीनेक वर्षांपर्यंत अनुभवाचे गुण वाढतात, पुढच्या वर्षांना कुणी जादा देत नाही. अनुभवाला खरा भाव आहे तो एका वर्षाच्या कोर्सांत. अहमदाबादच्या पीजीपीएक्स या कोर्सला किमान ४ वर्षं लागतात, आयएसबी या बिझनेस स्कूलला २ वर्षं चालतात, आणि दोन्हीकडं कॅटऐवजी जीमॅट किंवा जीआरई. जीमॅटचे गुण ५ वर्षं टिकतात, कॅटचे मात्र त्याच सालापुरते. जीमॅटची फी २० हजारांच्या पुढं जाते, म्हणून आधी घरी बसून नमुना पेपर सोडव, मगच पैसे भर. आयएसबीची फी ४० लाखांच्या घरात आहे. तुला मी ते नको म्हणणार नाही, पण पुन्हा सोसायटीच्या क्षेत्रातच काम करायचं असेल तर ४० लाख फिटणार कशातून, हे तुझ्याकडं कर्ज मागायला आलेल्या माणसाला तू विचारतेस तसंच स्वतःला विचार.

मला तुझ्यासाठी दोन नावं जास्त जवळची वाटतात, आणि दोन्ही तुझ्या पत्रात नाहीत.

एक, गुजरातेतलं आणंद. तिथली इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था १९७९ मध्ये अमूलवाल्या कुरियन यांनी उभी केली, ती गावाकडच्या आणि सहकारी संस्था चालवायला शिकलेली माणसं हवीत म्हणूनच. २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून तिचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ केलंय. जिनं सहकारात सात वर्षं काढली तिला तिथं ‘सोसायटी म्हणजे काय’ पासून सुरुवात करावी लागत नाही. त्या वर्षी प्रवेशाला कुठली परीक्षा धरतात ते त्यांच्या सूचनेत बघ. आपल्या लोकांना आयआयएम सोडून दुसरं नाव सांगितलं की चेहरा पडतो. तुझा पडू देऊ नकोस.

दुसरं, महाराष्ट्राची एमबीए सीईटी, म्हणजे त्या राज्याची एमबीएची प्रवेश परीक्षा. आपल्याकडच्या किती पोरांना हे ठाऊकच नसतं! महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे, टाइप ई. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीचा एरवी तुला-मला रोजच्या जगण्यात काय उपयोग झाला ते सोड, इथं होतो. मुंबई विद्यापीठाचं जमनालाल बजाज हे मॅनेजमेंटचं कॉलेज, १९६५ पासूनचं, याच सीईटीतून भरतं, आणि तिथली फी आयआयएमच्या मानानं फारच कमी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, म्हणजे सगळा खेळ वेगाचा. सीमाभागातल्या रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दाखले लागतात. ठरलेला नमुना त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत असतो. तहसील ऑफिसला चार खेपा होणार हे धरून चाल, आणि सीईटीची तारीख लागण्याआधीच त्या घाल. राखीव प्रवर्गातून फॉर्म भरणार असशील तर आणखी एक: आपल्या राज्याचा २अ, ३ब अशा मागास गटांचा दाखला आयआयएमला चालत नाही. तिथं केंद्राच्या यादीत जात असावी लागते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यात लागतो.

झॅटही दे. जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या मॅनेजमेंट संस्थेसाठी ती परीक्षा जानेवारीच्या पहिल्या रविवारी असते. तिच्यात निर्णयक्षमतेचा एक वेगळा भाग असतो: दुकानात भांडण, कामगार नाराज, मालक घाईत, तुम्ही काय कराल? थकबाकीदाराच्या दारात उभं राहून त्याच्या बायकोनं दिलेला चहा प्यायचा की नाही, हे जिनं ठरवलंय तिला त्या प्रश्नांची भीती नको.

आता पिग्मी. लिहायची. ठळक लिहायची. १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेनं, जी पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली आणि २०२० मध्ये कॅनरात विलीन झाली, रोज दोन आण्यांपासून दारावर जाऊन पैसे जमा करायची ही रीत सुरू केली. म्हणजे ती आपल्याच राज्यातली, आणि जवळजवळ शंभर वर्षांची. उत्तरेकडच्या परीक्षकाला हा शब्द माहीत नसेल, तर तो तुलाच विचारेल, आणि पहिली पाच मिनिटं तुझ्या अंगणात जातील. ‘फायनान्स एक्झिक्युटिव्ह’ लिहिलंस तर पुढचा प्रश्न ताळेबंदातल्या अशा जागेवर येईल जिथं तुझा पाय लागत नाही.

एक सावधगिरी. पिग्मी कमिशनवर असते, आणि काही संस्था पूर्णवेळ नोकरीचेच महिने मोजतात. म्हणून ती दोन वर्षं वेगळ्या ओळीत, खऱ्या तारखांसह लिही. क्लार्कपासूनची नोकरी वेगळी. कमिशन खात्यावर जमा झालेल्या नोंदी, टीडीएस कापला असेल तर त्याचा दाखला, नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचा उतारा, सगळं एका फाइलला लाव. आपल्या सोसायट्यांत काहींचा पगार रोखीनं होतो. तुझा तसा असेल तर आजच खात्यावर मागून घे. तारखांच्या बाबतीत मी स्वतः पोळलेय. आजी अंथरुणाला खिळली तेव्हाचे माझे अकरा महिने रिकामे होते. फॉर्म भरताना मी आधीची नोकरी पुढं आणि पुढची मागं ओढून तो खड्डा बुजवला. मुलाखतीत एका बाईंनी माझं सर्टिफिकेट आणि फॉर्म शेजारी ठेवले, एवढंच केलं. त्या काही बोलल्याही नाहीत. आजीचं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मला पुढचं अख्खं वर्ष टोचत राहिलं.

तुझा निबंध वाचला. पहिलं वाक्य मराठीत आणलं तर असं: ‘लहानपणापासून मला नेतृत्वाची ओढ होती.’ पोरी, बालवाडीत कुणाला मॉनिटर व्हायचं नव्हतं? पुढची दीड पानं कुणाच्याही नावावर खपतील, आणि माझा संशय आहे की ती खपलेलीच आहेत.

खरा माल तू बायोडेटाच्या तिसऱ्या पानावर एका ओळीत गाडून ठेवलायस. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुझ्या १४० पिग्मी खात्यांपैकी ९० बंद पडली. फूलवाल्या, चहाच्या गाड्या, भाजीवाल्या. रोजची कमाईच नाही तर रोजचे २० कुठून देणार? तू सेक्रेटरींच्या मागं लागून रोजच्या ऐवजी आठवड्याला एकदा ५० घ्यायची मुभा मिळवलीस, आणि दिवाळीपर्यंत ६१ खाती परत चालू झाली. निबंध म्हणजे हा. मला यात अजून चार गोष्टी कळायला हव्यात. सेक्रेटरी आधी नाही का म्हणाले? तुझ्या आधी हे कुणाच्या डोक्यात का आलं नाही? ५० हाच आकडा कसा काढलास, कुणाला विचारलंस? आणि जी २९ आली नाहीत ती कोण होती? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ज्याला न आलेल्यांची नावं आठवतात त्यानं काम खरंच केलेलं असतं.

आणि वसुलीच्या ओळीत तू ओझरतं लिहिलंयस की तुझ्या शिफारशीवर एका विणकराला दिलेलं कर्ज थकलं. तेही लिही. तू मागवाल्याची मुलगी, मागवाल्यावर विश्वास ठेवलास, तुझा अंदाज चुकला. नक्की काय बघायचं राहिलं? सुताचा भाव, व्यापाऱ्याकडं अडकलेली उधारी, की तो माणूस तुझ्या बाबांच्या ओळखीचा होता म्हणून विचारायचा संकोच? हे मांडशील तर चुकीसकट तू त्यांना पसंत पडशील. पहिला खर्डा मराठीतच लिही, बेळगावीत लिही. मग सोप्या इंग्रजीत आण. जे शब्द तू सोसायटीच्या वार्षिक सभेत उभी राहून बोलू शकणार नाहीस ते निबंधातून काढ.

शिफारसपत्राचंही इथंच सांगते. आपल्याकडं पत्र म्हटलं की चेअरमन, नाहीतर थेट आमदार. त्यांचं पत्र सुंदर लेटरहेडवर येतं आणि त्यात ‘सदर मुलगी होतकरू आहे’ याच्यापलीकडं काही नसतं. ज्यानं तुला रोज काम करताना बघितलंय, तुझी चूक पकडलीय, त्याच्याकडून घे. तुझे ते अडून बसलेले सेक्रेटरी मला सगळ्यांत योग्य वाटतात.

मुलाखतीत बेळगाव म्हटल्यावर सीमाप्रश्न निघण्याची शक्यता भरपूर आहे. तिथं मोर्चा काढायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला महाराष्ट्राचा दावा, २०१२ मध्ये बेळगावात उभं राहिलेलं सुवर्ण विधानसौध, एवढं तारखांसह पाठ असू दे. मग आपल्या कामावर ये. तुझ्या काउंटरवर कन्नडमधला फॉर्म मराठी म्हातारीला वाचून दाखवणं, मराठीतली तिची अडचण कन्नड हिशोबनिसाला समजावणं, मध्येच कुणाशी दखनीत घासाघीस करणं, हे रोज घडतं. तीन भाषांत विश्वास मिळवता येणं हे कौशल्य आहे. आपल्याला त्याची इतकी सवय आहे की आपण ते बायोडेटावर लिहीतच नाही.

अभ्यासाचं. नोकरी सोडू नकोस, पुण्याला जाऊ नकोस. क्लास वाईट असतात असं नाही, पण रिकाम्या वर्षाचं उत्तर तुला पुढं देत बसावं लागेल, आणि मॉक टेस्ट आता घरी बसून देता येतात. कॅटचं गणित बरंचसं दहावीपर्यंतचंच असतं, फक्त वाकडं करून विचारलेलं. मराठी माध्यमाच्या पोरांचा घोळ गणिताशी कमी, नावांशी जास्त. शेकडेवारी, गुणोत्तर, लसावि-मसावि, काळ-काम-वेग, चक्रवाढव्याज तुला येतं. इंग्रजी नाव दिसलं की हात थबकतो. एक वही कर, डावीकडं आपलं नाव, उजवीकडं त्यांचं. पंधरा दिवसांचं काम. इंग्रजी उताऱ्यांना मात्र वेळ लागेल. वाचताना मनात मराठी भाषांतर चालू असतं तोवर ४० मिनिटं पुरत नाहीत, आणि ते भाषांतर थांबायला रोजचं वाचन हाच एक उपाय मला माहीत आहे. इतिहास, पर्यावरण, तत्त्वज्ञान, आपल्याला रस नसलेल्या विषयांवरचे लांब लेख, रोज अर्धा तास. तर्काच्या भागात सगळी कोडी सोडवायची नसतात, कुठली सोडायची ते ओळखायचं असतं. कुठल्या दारावर आज थांबून उपयोग नाही हे पिग्मीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच कळतं, तसंच. घरात माग सुरू व्हायच्या आधीचे पहाटेचे दोन तास तुझे. चार मागांच्या खडखडाटात कोण उतारा वाचणार?

या परीक्षांना दोन वर्षं दे, तिसरं नको. डिस्टन्सच्या एमबीएचं मामांना नम्रपणे नाही सांग. ते हातात असलं की पुढं प्रत्येक जण विचारणार, एक झालंय तर दुसरं कशाला?

पैशांचं तुला मी काय शिकवू. मोठ्या आयआयएमच्या दोन वर्षांना २५ लाखांच्या आसपास लागतात, दिल्ली विद्यापीठाच्या एफएमएस या एमबीएच्या संस्थेला मात्र दोन-अडीच लाखांत भागतं. तिथं शिरणं आयआयएमइतकंच अवघड, पण फॉर्म भरायला काय जातं? २०२४ मध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांत शिकायला तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. बाबांचे माग गहाण टाकू नकोस. ते ‘टाक की’ म्हणतील, तरीही नको.

आईला वयाचं सांगायचं तर दोन वर्षांनी तू तीस होणारच आहेस, एमबीए कर अगर न कर. त्यांची काळजी वेगळी आहे आणि ती तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती एका सकाळी दोघींनी बसून बोलायची, माझ्या सदरातून नव्हे.

आणि अनुभवाचा दाखला चेअरमनच्या सहीनं सप्टेंबरातल्या वार्षिक सभेच्या आधी मागून घे. सभा झाली की महिनाभर कुणी जागेवर सापडत नाही.

तुझी,
अक्का